नव्या पिलाची थरथर

घरांत कुत्र्याचें नवें पिलूं आलें, कीं पहिल्या संध्याकाळीं त्याचें कौतुक होतें आणि पहिल्या रात्रीं त्याची काळजी सुरू होते. दिवसभर मुलांच्या हातांतून हातांत गेलेलें तें एवढेंसें जनावर रात्रीं कपाटाखालीं किंवा मोरीच्या कोपऱ्यांत अंग चोरून बसतें आणि नखशिखांत कांपूं लागतें. घरांतील आजी म्हणते, त्याला हिंव भरलें आहे. मुलगी म्हणते, तें घाबरलें आहे. शेजारी दारांतूनच म्हणतो, हें रोगट दिसतें, जेथून आणलें तेथें सोडून या. या तिघांपैकीं कोणाचेंहि म्हणणें खोटेंच ठरेल असें नाहीं. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना 'सैंधव' शब्दाचें उदाहरण ठाऊक असतें. पानावर बसलेल्या मनुष्यानें सैंधव मागितलें तर मीठ वाढावें, आणि प्रवासाला निघालेल्यानें मागितलें तर घोडा आणावा. शब्द एकच, अर्थ प्रसंगावरून ठरावयाचा. पिलाच्या कंपाचेंहि तसेंच आहे.

अर्थ चुकला तर काय होतें? शेजाऱ्याचा सल्ला पुष्कळदां मानला जातो. दोन दिवस कांपणारें पिलूं तिसऱ्या दिवशीं पिशवींत घालून रस्त्याच्या कडेला सोडलें जातें. आई तेथून निघून गेलेली असते, दुसऱ्या कुत्र्यांनीं ती जागा घेतलेली असते, आणि माणसाच्या हातचें खाण्याची संवय नुकतीच लागलेली असते. असें पिलूं फार दिवस तग धरीत नाहीं. याच्या उलट दुसरी चूक अशी, कीं खरोखर आजारी असलेल्या पिलाला 'नवें आहे, रुळेल हळूहळू' म्हणून ठेवून देतात, आणि तें रुळण्यापूर्वींच जातें. पहिल्या चुकींत निष्ठुरता आहे, दुसरींत माया आहे. पिलाला दोन्ही सारख्याच महाग पडतात.

भिवंडीसारख्या गांवीं हा प्रश्न विशेष रीतीनें उभा राहतो. हें यंत्रमागांचें शहर आहे, आणि अलीकडे नाशिकच्या रस्त्याला दुतर्फा उभ्या राहिलेल्या गोदामांचेंहि. गोदामांच्या आडोशाला, सुताच्या गाळाच्या ढिगावर, मागाच्या कारखान्यामागील बोळांत कुत्र्या वितात, आणि शाळेहून परतणारीं मुलें त्यांतलें एखादें पिलूं सदऱ्याच्या आंत घालून घरीं आणतात. बोळांतल्या त्या पिलाचे कान जन्मानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात आणि पहिला आवाज ऐकतात तो मागाच्या खडखडाटाचा. आपल्याला जो गोंगाट वाटतो, तो त्याच्या लेखीं पाळण्याचें गाणें असतो. असें पिलूं ब्राह्मण आळींतल्या एखाद्या शांत वाड्यांत नेलें, तर रात्रींची निःशब्दता आणि भिंतीवरच्या घड्याळाचा एकटा टकटकाट यांनींच तें भेदरून जाण्याचा संभव असतो. उलट खेड्यांतल्या गोठ्यांत जन्मलेलें पिलूं मागाशेजारच्या खोलींत आणलें, तर तें खडखडाटानें कांपेल. ज्या घरांच्या भिंतीला भिंत लावून माग चालतात, तेथें फळीवरच्या वाट्यासुद्धां मंदपणें थरथरत असतात. अशा घरीं पिलाच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं फरशीला हात लावून पाहावा. कधीं कधीं कांपत असते ती फरशी!

आजीच्या हिंवाचा विचार आधीं करूं. कारण तें सर्वांत अधिक वेळां खरें असतें आणि त्याचा उपायहि सर्वांत सोपा आहे. स्नायू भराभर आंखडून सैल पडले, कीं उष्णता उत्पन्न होते. कुडकुडणें म्हणजे शरीरानें आपल्याच घरांत पेटविलेली शेगडी होय. परंतु नुकत्याच जन्मलेल्या पिलाला ही शेगडी पेटवितांच येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत तें कुडकुडूं शकत नाहीं. आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची ऊब हाच त्याचा आधार. मोठ्या कुत्र्याच्या अंगांतील उष्णता साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्या पातळीवर येऊन ती टिकवून धरण्यास पिलाला सुमारें चार आठवडे लागतात. म्हणून फार लहान पिलूं कांपत नसेल, तर त्याला थंडी नाहीं असें समजूं नये. तें थंडगार आणि निपचित पडलें असेल, तर कांपणाऱ्या पिलापेक्षां त्याचीच चिंता अधिक करावी.

कोंकणपट्टींत, त्यांतूनहि भिवंडीच्या दमट हवेंत, थंडी ती कसली, असें पुष्कळांना वाटतें. पण पावसाळ्याच्या रात्रीं ओल धरलेल्या फरशीवर पोट टेकून झोंपलेल्या पाऊण शेराच्या जीवाला ती फरशी उष्णतेचा चोरच असते. शिवाय आपल्याकडे पिलूं घरीं आणल्याबरोबर त्याला न्हाऊं घालण्याची चाल आहे. अंगावर पिसवा आणि धूळ असते, आजीला तें स्वैपाकघराच्या आसपास नको असतें, म्हणून आल्या दिवशींच मोरींत त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलें जातें. ही स्वच्छता चार-आठ दिवस लांबणीवर टाकल्यास कांहींच बिघडत नाहीं. तोंवर कोमट पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें अंग पुसून लगेच कोरडें करावें. खोक्यांत गोणपाट, त्यावर जुनी गोधडी, आणि फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला, म्हणजे पिलाला नकोसें झाल्यास दूर सरकतां येईल. शेगडीजवळ ठेवणें धोक्याचें आहे. आणि गारठलेल्या पिलाच्या तोंडांत घाईघाईनें दूध घालूं नये. पोट थंड असतां दूध पचत नाहीं. आधीं ऊब, मग अन्न. उबेनें अर्ध्या-पाऊण तासांत कंप थांबला आणि पिलूं हुंगूं-चाटूं लागलें, तर आजीचें निदान बरोबर होतें असें समजावें.

दुसरें कारण भूक. ही साधी भूक नव्हे. तीन महिन्यांच्या आंतील पिलाच्या यकृतांत साखरेचा सांठा अगदीं थोडा असतो. लहान जातीच्या, जंतांनीं पोखरलेल्या किंवा प्रवासांत उपाशी राहिलेल्या पिलाच्या रक्तांतील साखर कांहीं तासांतच इतकी उतरते, कीं तें आधीं कांपतें, मग झिंगल्यासारखें पाय टाकतें, मग डोकें खालीं टाकून पडून राहतें, आणि शेवटीं त्याला झटके येतात. पहांटे उठून पाहावें तों पिलूं असें आढळल्यास साखरेचें घट्ट पाणी किंवा मध बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळावा. शुद्धीवर नसलेल्या पिलाच्या घशांत कांहींहि ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. कांहीं मिनिटांत तरतरी आली, तरी तेवढ्यावर समाधान न मानतां पशुवैद्य गांठावा. कारण साखर कां उतरली हा प्रश्न शिल्लकच असतो. या वयांत दिवसांतून चार वेळां थोडें थोडें खाणें द्यावें लागतें, आणि त्यांतलें शेवटचें घरचीं माणसें निजण्यापूर्वीं द्यावें. दोन वेळां पोटभर घातलें म्हणजे झालें, हा हिशेब मोठ्या कुत्र्याचा आहे.

आतां भीतीकडे वळूं. येथें मुलीचें म्हणणें ऐकावयास हवें. महाभारताच्या आदिपर्वांत पौष्यपर्वाच्या आरंभींच एक कुत्र्याचें पिलूं येतें. जनमेजयाचें सत्र चाललें असतां देवशुनी सरमा हिचें पोर तेथें येतें, आणि राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात. तें रडत आईकडे जातें आणि सांगतें, कीं आपण हवीला तोंड लावलें नाहीं, तिकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. सरमा सत्रांत येऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाहीं. तेव्हां ती शाप देते, कीं निरपराध्याला मारलेंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारें भय येईल. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दाराशींच व्यासांनीं हें लहानगें पिलूं कां बसविलें असावें, हा विचार करण्यासारखा विषय आहे. पण येथें त्या शापाचे शब्द लक्षांत घ्यावे. न दिसणारें भय! घरीं नव्यानें आलेल्या पिलाला हेंच भय जडलेलें असतें. वाघ समोर नसतो, काठी समोर नसते. आईचा वास नसतो, भावंडांची गर्दी नसते, पायांखालची जमीन निराळी असते. जें नाहीं त्याचें तें भय असतें. म्हणून कोणी मारलें नाहीं, कोणी ओरडलें नाहीं, मग हें कां कांपतें, असें विचारण्यांत अर्थ नाहीं.

असें भय शरीरांत किती खोल जातें याचा एक दाखला रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतला आहे. १९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें नेवा नदीला मोठा पूर आला आणि कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलें. त्यांना पोहवीत बाहेर काढावें लागलें. कुत्रीं वांचलीं, परंतु त्यांपैकीं कांहींना वर्षानुवर्षें शिकविलेलें सारें विसरल्यासारखें झालें. पुढें प्रयत्नांनीं तें परत आलें. मग एके दिवशीं दाराखालून पाण्याची बारीकशी धार खोलींत सोडून पाहिली, तों सावरलेलें कुत्रें पुन्हां भयानें बेचैन होऊन गेलें आणि शिकलेलें पुन्हां गेलें. २००५ सालच्या २६ जुलैचा महापूर ठाणे जिल्ह्यांत ज्यांनीं अनुभवला, त्यांना या कुत्र्याची मनःस्थिति समजण्यास टीपा लागणार नाहींत. पिलाच्या बाबतींत ती धार म्हणजे काय असेल हें सांगतां येत नाहीं. केरसुणी असेल, कुकरची शिटी असेल, लिफ्टच्या दाराचा आवाज असेल, किंवा पायजमा घातलेला एखादा उंच मनुष्य असेल. तें पाहत राहूनच शोधावें लागतें.

वयाचाहि येथें मोठा संबंध आहे. अमेरिकेंतील मेन राज्यांत बार हार्बर येथें स्कॉट आणि फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण केलें आणि १९६५ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मानंतरच्या सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं जगाशीं ओळख करून घेतें. या काळांत ज्यांना तें भेटलें तीं माणसें, ते आवाज, तीं जनावरें त्याला आपलीं वाटतात. पुढें तें दार हळूहळू मिटत जातें. तें आईपासून फार लौकर तुटलें तर बिथरतें, आणि माणसाला फार उशिरां भेटलें तर बुजरें होतें. भारतांत कुत्र्यांच्या पैदाशीविषयीं व विक्रीविषयीं २०१७ सालीं जे नियम झाले, त्यांत आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकण्यास मनाई आहे, ती यथायोग्यच म्हटली पाहिजे. गोदामामागून उचलून आणलेल्या पिलाच्या बाबतींत मात्र नियम कोण पाहतो? चार-पांच आठवड्यांचेंच पिलूं मुलें उचलतात, कारण त्या वयांत तें सर्वांत गोंडस दिसतें.

भीतीचा कंप ओळखावा कसा? तो प्रसंगाला बांधलेला असतो. कान मागें, शेपूट पोटाखालीं, डोळ्यांचें पांढरें दिसतें, जांभया येतात, ओठ चाटले जातात. आणि कारण दूर झालें किंवा झोंप लागली, कीं कंप थांबतो. पिलूं खातें, पितें, अधूनमधून चप्पलहि कुरतडतें. अशा पिलाला काय हवें असतें? एक अर्धवट झांकलेली, अंधारी, स्वतःची जागा, आणि जवळपास शांत बसलेलें एक माणूस. त्याच्याकडे टक लावूं नये, वाकून दोन्ही हातांनीं उचलूं नये. नामदेवांच्या कुत्र्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानें पोळी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धावले. नामदेवांची भक्ति थोर होती खरी. पण भेदरलेल्या पिलाच्या मागें तुपाची वाटी घेऊनहि धावूं नये. वाटी जमिनीवर ठेवून दूर बसावें. तें येईल. पहिल्या चार-पांच रात्रीं त्याचें खोकें माणसाच्या अंथरुणाजवळ ठेवावें. एकटें कोंडून 'रडून रडून गप्प होईल' हा उपाय त्याला गप्प करतो, निर्भय करीत नाहीं. जवळ घेतल्यानें भित्रेपणा वाढतो अशी एक समजूत आहे. तिला आधार नाहीं. पिलूं स्वतः होऊन कुशींत शिरलें तर त्याला खुशाल शिरूं द्यावें. तें अंग काढून घेत असेल तर धरून ठेवूं नये. मुलांना हें विशेष समजावून सांगितलें पाहिजे, कारण कांपणाऱ्या पिलाला घट्ट आवळणें हा चावा ओढवून घेण्याचा अगदीं जवळचा मार्ग आहे.

आणखी एक कंप आहे, तो पाहून मात्र आनंद मानावा. गाढ झोंपेंत पिलाचे पाय धावल्यासारखे हलतात, ओठ थरकतात, अंगावरून शिरशिरी जाते, मध्येंच बारीक भुंकणेंहि ऐकूं येतें. हाक मारतांच तें उठून शेपूट हलवितें. वाढत्या मेंदूचें आणि मज्जातंतूंचें हें लक्षण आहे; आईजवळ झोंपलेलीं निरोगी पिलें अशींच दचकत असतात. त्याला उठवूं नये.

परंतु झोंपेंतल्याच एका दुसऱ्या हालचालीविषयीं सावध असावें. पायाचा, जबड्याचा किंवा डोक्याचा एकच स्नायू ठराविक तालानें, घड्याळाच्या लंबकासारखा उडत राहतो. पिलूं जागें असो वा झोंपलेलें असो, तो थांबत नाहीं. हा डिस्टेंपर नांवाच्या रोगाचा मज्जासंस्थेवरील घाव असूं शकतो. आधीं ताप, डोळ्यांतून व नाकांतून चिकट स्राव, खोकला, जुलाब, आणि नंतर कधीं कधीं कित्येक आठवड्यांनीं हा कंप, असा त्याचा क्रम असतो. या रोगाचें कारण विषाणु आहे, हें फ्रान्समध्यें कारे यांनीं १९०५ सालीं दाखविलें. आणि इंग्लंडमध्यें 'दि फील्ड' या शिकारीच्या नियतकालिकानें वर्गणी जमवून १९२३ पासून जें संशोधन चालविलें, त्यांतून लेडलॉ व डंकिन यांनीं १९२८ च्या सुमारास लस सिद्ध केली. आज ही लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिलूं चार महिन्यांचें होईपर्यंत टोंचतात. रोग जडल्यावर त्या विषाणूला मारणारें खात्रीचें औषध अजूनहि नाहीं. शुश्रूषेनें कांहीं पिलें वांचतात, पण स्नायूचा तो ताल त्यांच्यापैकीं पुष्कळांना जन्मभर सोडीत नाहीं. सुताच्या धंद्यांतल्या लोकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुंबईंत परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, आणि तेथील पशुरुग्णालय ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें त्या बाई साकरबाई म्हणजे कापडगिरण्यांचे धनी सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी.

विषबाधेचा कंप अचानक येतो. सकाळीं खेळणारें पिलूं दुपारीं लाळ गाळीत, ताठरत, थरथरत पडतें. अशा वेळीं घरांत काय सांडलें होतें हें आठवावें. उंदरांचें औषध, झुरळांची पूड, डासांच्या यंत्रांतलें तेल, कपाटांतल्या डांबराच्या गोळ्या, बुरशी आलेलें शिळें अन्न, आणि मुलांनीं मायेनें भरविलेलें चॉकलेट, हीं सर्व पिलाला विष आहेत. पिसवा मराव्या म्हणून अंगाला फिनेल, रॉकेल किंवा गोठ्यांत वापरण्याची कीटकनाशक पूड चोळतात. त्यापेक्षां पिसवा बऱ्या! पिलूं तेंच अंग चाटतें. अर्थात् पिसवाहि कांहीं निरुपद्रवी नव्हेत. त्या फार झाल्या तर पिलाचें रक्त इतकें शोषतात, कीं हिरड्या गुलाबीऐवजीं पांढऱ्या दिसूं लागतात, आणि अशक्तपणानेंहि तें कांपतें. बारीक दातांच्या फणीनें त्या काढाव्या आणि औषध पिलाच्या वयाला व वजनाला बेतून पशुवैद्याकडूनच घ्यावें.

राहतां राहिला रेबीज, म्हणजे पिसाळणें. रस्त्यावरून आणलेल्या पिलाच्या आईची माहिती नसते, आणि तीन महिन्यांच्या आंतील पिलालाहि हा रोग होऊं शकतो. कंपाबरोबर आवाज बदलला, लाळ गळूं लागली, गिळतां येईनासें झालें, जबडा लोंबूं लागला, तर घशांत हाड अडकलें असेल म्हणून तोंडांत बोटें घालूं नयेत. पिलाचे दांत लागले किंवा नखानें ओरखडा निघाला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरकडे जाऊन लस घ्यावी. 'केवढें तें पिलूं, त्याचें काय मनावर घ्यावयाचें' असें म्हणणें फार धोक्याचें आहे. १८८५ च्या जुलैंत पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोंचली तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. पण लक्षणें एकदां उमटल्यावर त्यांतून माणूस क्वचितच वांचतो. पिलालाहि तीन महिन्यांचें झालें म्हणजे ही लस टोंचून घ्यावी लागते.

पशुवैद्याकडे जातांना पिलूं बहुधा कांपावयाचें थांबतें, किंवा भीतीनें निराळेंच कांपूं लागतें. त्यामुळें त्यांना मूळचा कंप दिसत नाहीं. आजकाल घरोघरीं मोबाइल आहे, त्यावर त्या कंपाचें अर्ध्या मिनिटाचें चित्र घेऊन न्यावें. कंप सर्व अंगाला आहे कीं एकाच अवयवाला, झोंपेंत थांबतो कीं नाहीं, खाण्यापूर्वीं येतो कीं नंतर, हें कागदावर लिहून घ्यावें. ताप पाहिला असल्यास तो आंकडा, शेवटचें खाणें कोणत्या वेळीं झालें तें, शौच कसें होतें, त्यांत जंत दिसले काय, एवढ्या गोष्टी त्याच कागदावर असाव्या. आणि विषाची शंका असेल तर त्या पुडीचें वेष्टन पिलाबरोबर न्यावें, कारण औषध ठरविण्यास त्यावरील नांवाचा उपयोग पिलाकडे पाहण्याइतकाच होतो.